आठवड्याचा वार ठरव

तुझं नाव सोसायटीच्या कमिटीत घातलं, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं झालं. पावसाळा तोंडावर आहे आणि पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी उठून म्हणणार, 'डास फार झालेत, धूरवाल्याला बोलवा.' त्याआधी मावशीचं ऐकून घे. माझं सगळं आयुष्य बोरिवलीत गेलं; आधी बाभईतलं बैठं घर, मग चाळ, आता लिफ्टची इमारत. घरं बदलली तरी डास होतेच, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांतले बरेचसे आमच्याच पाण्यातून निघालेले होते.

धुरानं उडता डास पडतो. पाण्यातली अळी तशीच राहते आणि दोन-चार दिवसांत पंख फुटून बाहेर येते. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. सगळं या आकड्यात आहे, पोरी. साठलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाकलं, तर त्यातली अळी डास होण्याआधीच मरते. म्हणून एक वार ठरव आणि तो पाळ. सरकारी फलकावर 'कोरडा दिवस' लिहितात तो हाच. गावाला जाणार असशील तर शेजारणीला सांगून जा. एक वार चुकला की एक पिढी उडते.

आता कुठला डास कुठून येतो ते नीट समजून घे, कारण तिथेच लोक चुकतात. डेंग्यूची साथ आली की बोटं बाहेर वळतात: नॅशनल पार्ककडे, दहिसर नदीकडे, गोराईच्या खाडीतल्या तिवरांकडे. डास तिथेही होतात. पण डेंग्यूचा पांढऱ्या पट्ट्यांचा डास, एडिस, भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यातला नाही. त्याला घरातलं स्वच्छ, न हलणारं, थोडंसं पाणी लागतं. तो दिवसा चावतो, सकाळी आणि ऊन उतरताना जास्त, आणि फार लांब उडत नाही; बहुतेकदा जन्मला त्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. तुमच्या विंगमध्ये कुणाला डेंग्यू झाला तर पहिला शोध तुमच्याच विंगमध्ये घ्यायचा. डासांच्या नावानं तिवरं तोडा म्हणणाऱ्याला मीटिंगमध्येच गप्प कर.

मुंबईच्या मलेरियाचा डास वेगळा. अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी. तो रात्री चावतो आणि विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामाचं पाणी यांत वाढतो. तिसरा क्युलेक्स, गटाराचा आणि सेप्टिक टँकचा. कानाशी रात्रभर गुणगुणतो तो बहुधा हाच. पाण्यातच ओळखायचं असेल तर पांढऱ्या वाडग्यात पाणी घे. अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडली असेल तर ती मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून तिरकी लोंबत असेल तर डेंग्यूची किंवा गटाराच्या डासाची. मुलांना बोलावून दाखव. एकदा बघितलेलं मूल नंतर घरभर पाणी शोधत फिरतं, आणि मोठ्यांपेक्षा त्याला जास्त सापडतं.

घरात बघायच्या जागा सांगते. फ्रीजच्या मागचा ट्रे कुणी काढत नाही, तिथे अळ्या हमखास मिळतात. मनीप्लांटची बाटली, काचेतला बांबू, एसीच्या नळीखालची बादली, पाहुण्यांच्या खोलीतला न वापरलेला कमोड. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाळू भर. झाडाला ओल मिळते आणि डासाला पाणी मिळत नाही. चिमण्यांसाठी ठेवतेस ते भांडं रोज बदल. आणि नुसतं ओतून थांबू नकोस. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. ती काळी बारीक अंडी महिनोन्महिने कोरडी राहूनही जिवंत असतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप, बादली, फुलदाणी काथ्यानं आतून घासायची. अळ्यांचं पाणी गटारात ओतू नकोस. तापलेल्या गच्चीवर किंवा कोरड्या मातीवर ओत.

सोसायटीचं मुख्य काम गच्चीवर आहे. टाकीचं झाकण घट्ट बसलं पाहिजे. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी बांधून घे, नाहीतर झाकण असून उपयोग नाही. टाकीवर चढायला पक्की शिडी असावी, कारण शिडी नसली की वॉचमनही चढत नाही आणि पालिकेचा तपासनीसही. लिफ्टच्या खड्ड्यात आणि पंपरूममध्ये टॉर्च मारून बघ. सेप्टिक टँक असेल तर त्याच्या उंच पाइपाच्या तोंडालाही जाळी हवी. गटाराचे डास तिथून थव्यानं बाहेर पडतात. पावसासाठी निळी ताडपत्री घालाल तर उतार देऊन ताणून बांधा. तिच्यावर जुने टायर ठेवायची पद्धत बंद कर. टायर कितीही तिरका केला तरी त्यात पाणी राहतंच. वाळूच्या पिशव्या ठेवा.

आता तुमच्या शेजारचा प्लॉट. अर्ध्या बोरिवलीत पुनर्विकास चाललाय, आणि माझ्या मते आज सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. रिकाम्या केलेल्या इमारतीवर राहिलेल्या टाक्या, तळघरासाठी खणलेला खड्डा, लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर आळी करून साठवलेलं पाणी. भांडायला जाऊ नकोस, साइटच्या सुपरवायझरला भेट. स्लॅबवर पाणी तुंबवण्याऐवजी ओलं गोणपाट अंथरता येतं, खड्ड्याला पंप लावता येतो. तिथे झोपणाऱ्या मजुरांना मच्छरदाण्या आणि तापाची रक्ततपासणी मिळते का, हेही विचार. त्यांना झालेला मलेरिया आणि तुझ्या घरातला मलेरिया एकाच पाण्यातून येतो. ऐकलं नाही तर पालिकेला 1916 वर फोन करून तक्रार कर. महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात 381 हे कलम आहे. डासांची पैदास होऊ देणाऱ्याला त्याखाली नोटीस जाते. ती सोसायटीलाही जाऊ शकते, हे कमिटीला आधीच सांगून ठेव.

विहिरींबद्दल जरा थांबून सांगते, कारण वझिरा, एक्सर, शिंपोली या गावठाणांत जुन्या विहिरी होत्या आणि काही अजून आहेत. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला आणि दोष शहरातल्या घरोघरच्या विहिरींवर ठेवला. पुढे विहिरी बुजवायच्या, झाकायच्या नोटिसा निघाल्या आणि लोक बिथरले. विहिरीत देव असतो, तिथे दिवा लागतो, ती कशी बुजवायची? पालिकेतच काम करणाऱ्या रुस्तम मसानी यांनी 1918 साली विहिरींच्या या श्रद्धांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. मला दोन्ही बाजू पटतात. पाणी मारू नये आणि डासही पोसू नये. विहिरीच्या तोंडावर बारीक जाळी बसव, पूजेपुरतं उघडेल असं दार ठेव आणि आत गप्पी मासे सोड.

गप्पी पालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे मागून बघ. हा मासा अळ्या खातो, पिल्लं घालतो, गढूळ पाण्यातही तग धरतो. कारंजं, कमळाचं टाकं, तुंबलेला खड्डा, इथे सोडायचा. पिण्याच्या टाकीत नाही. त्याला बिस्किटं टाकू नका, पोट भरलं की अळ्यांकडे बघत नाही. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळ: दहिसर नदीत किंवा पार्कातल्या तळ्यात तो कधीही सोडायचा नाही. तो परका मासा आहे, इथल्या छोट्या माशांच्या जिवावर उठतो. तिथे चतुरांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात, ते काम त्यांनाच करू दे. गटारात जळकं तेल ओतायचं म्हणणाऱ्यालाही नाही म्हण.

तुझ्या सासरी, गावाकडे, सांडपाणी दारातून वाहतं म्हणालीस. तिथे शोषखड्डा हा उपाय. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे केले, गटारं कोरडी पडली आणि डास हटले. 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते महाराष्ट्रभर गाजलं. मोरीचं पाणी दगडगोट्यांच्या खड्ड्यात जिरवायचं, वर तुंबू द्यायचं नाही. घरची माणसंही करू शकतात.

घरगुती उपायांचं खरं तेवढं सांगते. कडुलिंबाचा पाला, धूप, कापूर यांच्या धुरानं डास तासभर दूर राहतात, मरत नाहीत. घरात तान्हं मूल किंवा दमेकरी असेल तर धूर नकोच. कुंडीत गवती चहा किंवा तुळस लावल्यानं डास पळत नाहीत. आवाजाची यंत्रं घेऊ नकोस, पैसे वाया जातात. पंख्याचा मात्र उपयोग होतो, डासाला वाऱ्यात धड उडता येत नाही. खिडक्यांना जाळ्या बसव आणि सरकत्या काचेच्या फटी बुजव. दिवेलागणीला खिडक्या लावायची आपली सवय चांगली आहे, पण एडिस सकाळी येतो, तेव्हा जाळीच हवी.

आणि कुणाला ताप आला तर रक्त तपासून घे. मलेरिया निघाला तर बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. काही मलेरियात चौदा दिवसांचं औषध असतं, ते पूर्ण घ्यायचं. डेंग्यूच्या पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत झोपव. त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्याला आजार देतो, आणि हे घरच्यांना कुणी सांगत नाही. आमच्याकडची मोठी मच्छरदाणी माळ्यावर आहे, धुऊन ठेवलेली. येशील तेव्हा घेऊन जा.