घरातील दूरचित्रवाणी आणि भूसंपर्क

मृगापूर्वीचे ढग दाटून आले, की घरातील दूरचित्रवाणी संचाविषयी मनात धास्ती उत्पन्न होते. बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळसारख्या गावी ॲन्टेनाच्या भूसंपर्काचा, म्हणजेच अर्थिंगचा, विचार याच सुमारास व्हावयास हवा.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे गावोगावी लोखंडी नळीवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे ॲन्टेना उभे राहिले. २०२२ पर्यंत जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे बंद होऊन त्यांची जागा उपग्रहाच्या तबकडीने घेतली. साधन बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले.

घरात टेबलावर ठेवलेल्या ॲन्टेनास स्वतंत्र भूसंपर्काची आवश्यकता नसते. संचाला तीन पिनांचा प्लग असल्यास त्याची जाड व लांब पिन मात्र कधीही काढू नये. प्लग बसविताना भूसंपर्क सर्वांआधी जुळावा, म्हणूनच ती लांब ठेवलेली असते. छपरावरील तबकडीचा किंवा ॲन्टेनाचा धातूचा खांब मात्र भूसंपर्कास जोडलाच पाहिजे. त्यावर साचणारा विद्युत्भार त्यामुळे जमिनीत उतरतो.

येथे एक चूक टाळावी. खांबासाठी निराळी सळई ठोकून ती घराच्या अर्थिंगपासून अलग ठेवू नये. जवळपास वीज कोसळली असता दोन भूसंपर्कांच्या दाबांत मोठा फरक पडतो आणि तो प्रवाह संचातूनच वाट काढतो. म्हणून दोन्ही भूसंपर्क जाड तारेने एकत्र जोडावेत.

भूसंपर्कासाठी जस्तलेपित नळी किमान ३८ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची असावी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून नळीपासून सुटते व भूसंपर्क दुर्बळ होतो. यास्तव नळीभोवती कोळसा व मीठ भरून तेथे वेळोवेळी पाणी घालावे. हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे. खांब उभारताना तो विजेच्या तारांपासून दूर राहील, हेही पाहावे.

थेट कोसळणारी वीज कोणताही भूसंपर्क थोपवू शकत नाही. म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वीच संचाचा प्लग व ॲन्टेनाची केबल, दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नये. संच पुन्हा विकत घेता येतो, माणूस नव्हे.