फसवा संदेश गेल्यावर पालकांस कसे कळवावे

सुट्टीची सूचना देणे, पालकसभा बोलावणे, शिष्यवृत्तीसाठी आधार व बँकखात्याचे कागद मागविणे, ही कामे आता बहुतेक शाळांत व्हॉट्सॲपच्या गटावरून होतात. त्यामुळे सोय झाली, यात शंका नाही. परंतु ज्या वाटेने शाळेचा निरोप घरी जातो, त्याच वाटेने शाळेचे नाव घेऊन चोरही जाऊ शकतो. असे घडल्यास यंत्राचे काय करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. माणसांस काय सांगावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तोच करावयाचा आहे.

आपल्या वसई तालुक्याच्या पूर्व भागातील एका शाळेतील प्रसंग सांगतो. तेथील मुख्याध्यापकांस वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एक फाईल आली. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे होती. एपीके म्हणजे कागद नव्हे. ते मोबाईलमध्ये बसणारे ॲप होय. गुरुजींनी ते बसविले, मागितलेल्या परवानग्या दिल्या आणि थोड्याच वेळात तीच फाईल त्यांच्या नावाने पालकांच्या गटावर गेली. त्यांनी संदेश पुसला व सायंकाळी मला विचारले. “लोकांस उगीच घाबरवू नका, आधी अहवाल लिहा, मग पाहू,” असा सल्ला मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वीटभट्टीवर राबणाऱ्या एका आईच्या खात्यातून हंगामाची मजुरी गेली. ती शाळेत आली ती भांडावयास नव्हे. “गुरुजी, तुमच्या नावानं आलं होतं, म्हणून उघडलं,” एवढेच ती म्हणाली.

गटावरील संदेश पुसला म्हणजे पालकांच्या मोबाईलमध्ये बसलेले ॲप निघत नाही, हे मला तेव्हा उमगले नव्हते. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियमही लक्षात घेण्याजोगा आहे. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे रक्कम गेली, तर बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे आम्ही गप्प राहिलो, त्या रात्रीचा भुर्दंड त्या बाईंवर पडला. आपल्याकडे विहिरीत काही पडल्याचे कळले, तर गाळ काढण्याआधी घरोघर सांगावयास माणूस धावतो. येथे आम्ही गाळ काढीत बसलो.

मोठ्या संस्थांवरही असे प्रसंग येतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून पैसे काढण्यात आले. मंगळवारी, १४ ऑगस्ट रोजी, अध्यक्षांनी पत्रकारांसमोर येऊन घाला कशावर पडला हे सांगितले, आणि खातेदारांच्या ठेवींस धक्का लागलेला नाही, हेही सांगितले. एटीएम व इंटरनेटवरील सेवा काही काळ बंद ठेवण्यात आल्या. काय गेले, काय सुरक्षित आहे आणि काय बंद आहे, हे तिन्ही प्रश्न खातेदाराच्या मनात असतातच. आपला प्रसंग एका बाबतीत अधिक कठीण आहे. तेथे खातेदाराच्या हाती धोक्याची वस्तू नव्हती. आपल्या पालकाच्या हाती ती असते. म्हणून आपल्यास तीन दिवस तर सोडाच, तीन तासांचीही सवड नाही.

आता निरोपाच्या भाषेविषयी. “काही तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते वाचून कोणी काय करावे? पुढील निरोप पाहा :

“आज दुपारी मुख्याध्यापकांच्या नावाने आलेली ‘पावती’ शाळेने पाठविलेली नाही. ती उघडू नका, पुढे पाठवू नका. उघडली असल्यास मोबाईलचे इंटरनेट लगेच बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. ओटीपी कोणासही सांगू नका, शाळेलाही नाही. किती जणांनी फाईल उघडली हे अजून कळलेले नाही. उद्या प्रार्थनेच्या वेळी पुन्हा सांगू. चूक आमच्याकडून झाली आहे.”

यातील शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होईल. ते गाळू नये; ज्याने फाईल उघडली तो पालक स्वतःस मूर्ख समजून गप्प बसलेला असतो, आणि गुरुजींनी आपली चूक कबूल केली की तोही बोलू लागतो. जे अजून कळलेले नाही ते कळलेले नाही असेच लिहावे.

निरोप कोणी द्यावा, हाही प्रश्न आहे. ज्या नावाने फसवणूक झाली, त्याच क्रमांकावरून आलेल्या खुलाशावर कोण विश्वास ठेवील? तेव्हा दुसऱ्या शिक्षकाने आपल्या क्रमांकावरून आवाजी निरोप पाठवावा व प्रत्यक्ष फोन करावेत. आपल्या भागात घरची बोली कोठे वारली, कोठे आगरी, कोठे वाडवळी वा कादोडी. निरोप शक्यतो त्या बोलीत द्यावा. अक्षर न वाचणाऱ्या पालकांकडे, भट्टीवर वा पाड्यावर, त्याच सायंकाळी माणूस जावयास हवा. मुलांबरोबर चिठ्ठी देण्याची पद्धत चांगली आहे, परंतु ती दुसऱ्या दिवशी पोहोचते.

पोलिसांत तक्रार व वरिष्ठांस अहवाल हे करावयाचेच आहे, पण ते एका शिक्षकाने करीत असता दुसऱ्याने फोन चालू ठेवावेत. मुख्याध्यापकांचा मोबाईल अशा वेळी बंद ठेवावा लागतो व त्यातील क्रमांकही हाताशी राहत नाहीत. म्हणून प्रत्येक पालकाचे नाव, पाडा, क्रमांक व त्या घरी वाचता येणाऱ्या व्यक्तीचे नाव एका वहीत शाईने लिहून ती शाळेच्या कपाटात ठेवावी. माझ्या पुढील भेटीत मी ती वही पाहावयास मागणार आहे.