हक्काचं तेवढंच

चि. सोन्या,


‘ट्रेझर आयलंड’ वाचून झालं, आणि त्यात एकटा लाँग जॉन सिल्व्हरच काय तो शहाणा, असं तू लिहिलंस. मला हे पटत नाही. मित्राबरोबर तू जमिनीच्या व्यवहारात उतरतो आहेस, म्हणून त्याआधीच सांगते.

सिल्व्हर काटकसरी आहे, हे खरं. बाकीचे चाचे हाती आलेलं दारूत घालवतात, हा बँकेत ठेवतो. सफरचंदांच्या पिंपात लपलेल्या पोरसवदा जिमच्या कानावर त्याचा हिशेब पडतो: इंग्लंड नावाच्या कप्तानाबरोबर असताना नऊशे पौंड साठवले, फ्लिंटबरोबर दोन हजार. उरलेलं आयुष्य सुखात घालवता आलं असतं. तरी फ्लिंटच्या सात लाख पौंडांसाठी तो निघालाच. तेव्हा काटकसर केली म्हणजे हाव सुटली, असं समजू नकोस.

आता बत्तिसावं प्रकरण पुन्हा वाच, सावकाश. जिमच्या कमरेला दोरी बांधलेली आहे आणि तिचं टोक सिल्व्हरच्या हातात. आदल्या रात्री यानंच स्वतःच्या साथीदारांपुढे उभं राहून या पोराचा जीव वाचवला होता. खजिन्याची जागा जवळ येते तशा त्याच्या नाकपुड्या थरथरू लागतात, घामेजल्या तोंडावर माशी बसली तरी तो शिव्या देतो, दोरीला हिसके देतो, आणि मधूनच जिमकडे असं बघतो, की या पोराचं काय होणार ते कळायचं राहत नाही. मग खड्डा दिसतो. रिकामा. बेटावर एकट्या राहिलेल्या बेन गनने सोनं केव्हाच हलवलेलं असतं. आणि काही क्षणांत सिल्व्हर जिमच्या हातात पिस्तूल देऊन त्याला सावध करतो! सोनं गेलं आणि माणूस पुन्हा आपला झाला. स्टीव्हन्सनने 1883 साली छापलेल्या या पुस्तकात मला याहून भयंकर काही वाटत नाही, खूनसुद्धा नाही.

बरं, हे चाच्यांपुरतंच आहे असंही नाही. जमीनदार ट्रेलॉनी तर सभ्य गृहस्थ. पण जहाज निघायच्या आधीच खजिन्याची गोष्ट ब्रिस्टलभर होते ती त्याच्याच तोंडून.

मला त्या पुस्तकात खरी आवडते ती जिमची आई. मेलेल्या खलाशाच्या पेटीत देशोदेशींची नाणी आहेत, चाचे कुठल्याही क्षणी येतील, आणि ही बाई आपल्या खाणावळीच्या थकलेल्या बिलापुरतेच पैसे मोजून घेते आहे! हट्टापायी जिवावर बेतलं, हे मान्य. पण कुठे थांबायचं ते तिला पेटी उघडण्याआधी ठाऊक होतं.

तुझ्या पत्रात पैसे दोन वर्षांत दुप्पट होतील असं आहे, पण कशासाठी हवेत ते कुठेच नाही. घरासाठी किती, आईच्या औषधपाण्यासाठी किती, हे आधी कागदावर मांड. तेवढे झाले की बाहेर पडायचं, हे मित्राशी आत्ताच बोलून घे आणि दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेव. आणखी एक. मागच्या वेळी त्याचा उल्लेख तू नावाने करायचास, या पत्रात सगळीकडे ‘पार्टनर’ झाला आहे. मला ते खटकलं.

इसार देण्याआधी त्याला घेऊन एकदा घरी ये. मलाही त्याच्याशी बोलायचं आहे.

तुझी,
मावशी