तो कुंथत नाहीये, धरून ठेवतोय

अगं, काल फोनवर तुझा आवाज भरून आला तेव्हाच बोलणार होते, पण मागे सासूबाईंचा सल्ला चालू होता, म्हणून गप्प बसले. आता निवांत ऐक.

तू म्हणालीस, लेक पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहतो, पाय आवळतो, लालबुंद होतो, इतकं कुंथून शी होत नाही. तो कुंथत नाहीये गं. शी बाहेर येऊ नये म्हणून धरून ठेवतोय. कधीतरी खडा झाला असेल, जागा चिरली असेल. शी केली की दुखतं, एवढं दोन वर्षांच्या पोराला पक्कं कळतं. मग तो आवळतो, आतडं शीमधलं पाणी शोषत राहतं, ती आणखी मोठी नि टणक होते आणि पुढच्या वेळी जास्तच दुखतं. तेव्हा त्याला हट्टी म्हणू नकोस. ‘केल्याशिवाय उठायचं नाही’ हे तर मुळीच नको. पॉटीचं शिकवणंही सध्या राहू दे. डायपरमध्ये तर डायपरमध्ये, पण होऊ दे.

मुलांच्या डॉक्टरांना दाखव. ते बहुधा लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतील. त्याने आतड्यात पाणी टिकतं आणि शी मऊ राहते. ‘सवय लागेल’ म्हणून चार दिवसांत बंद करू नकोस, घोळ होतो तो इथेच. शी मऊ व्हायला लागली तरी मनातली भीती जायला वेळ लागतो, औषध कित्येक महिनेसुद्धा चालतं. कमी करायचं तेही डॉक्टरांना विचारूनच. मध्येच चड्डीला पातळ डाग दिसले तर जुलाब समजू नकोस. आत खडा अडकलेला असला की कडेने पातळ शी झिरपते. तेही त्यांना सांग.

दूध किती देतेस, खरं सांग? या वयाला दिवसाचं 400-500 मिली पुरे. बाटलीवर बाटली गेली की पोट भरतं, मग वरणभात कोण खाणार! मैद्याची बिस्किटंही कमी कर. पपई, पिकलेला पेरू बिया काढून, भिजवून कुस्करलेल्या मनुका, पालेभाजी घातलेली मुगाची खिचडी, आणि जाता-येता पाणी. पण खडा अडकलेला असताना नुसत्या पपईवर भिस्त ठेवू नकोस.

विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी, एरंडेल... आपल्या आज्या करायच्या हे सगळं, माहितीये मला. तू नको करूस. ज्या जागेची त्याला आधीच धास्ती आहे, तिथेच पुन्हा काहीतरी खुपसायचं?

तुझ्या जाऊबाईंच्या तान्हीची गोष्ट निराळी. अडीच महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी, पाच दिवस शी नाही. पण झाली की मऊ, पिते छान, वजनही वाढतंय, तर तिला बद्धकोष्ठ नाही. दहा-पंधरा मिनिटं रडून, लाल होऊन मग मऊ शी करतात ना अशी बाळं, तेही शिकणंच असतं. गुटी नको, वरचं पाणी नको, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही, त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. मात्र जन्मानंतरची पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले होते का, एवढं जाऊबाईंना विचार. तसं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, दूध न पिणं, शीमध्ये रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी न्यायचं, तान्ही असो की तुझा लेक.

त्याची भीती ओसरली की रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसव. पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं, म्हणून ती वेळ. पाय लोंबकळू देऊ नकोस, खाली पाट ठेव, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. जावईबापूंना म्हणावं, गोष्ट सांगा, मोबाइल नको. आणि नाही झाली तरी हसत उठव, संध्याकाळी पुन्हा बसेल.