कोकेनचे व्यसन आणि रक्तातील मेद

वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबरच आरोग्यप्रबोधनाचाही एक लेख असावा, या हेतूने यंदा आम्ही एका काहीशा अपरिचित विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, १० ते ७५ या वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के, तर कोकेन घेणाऱ्यांचे ०.१० टक्के होते. हे प्रमाण अल्प वाटले, तरी आपल्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या दहा लाखांहून अधिक भरते.

अशा रुग्णाविषयी कुटुंबीयांचा एक गैरसमज होण्याचा संभव असतो. ‘अंगाने सडपातळ आहे, कोलेस्टेरॉलही बेताचे आहे, तेव्हा प्रकृतीला धोका नाही,’ असे त्यांना वाटते. हे समाधान खरे नव्हे.

कोकेनमुळे भूक मंदावते व म्हणून माणूस वाळतो, अशी पूर्वापार समजूत होती. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच चित्र दिसले. कोकेनच्या आहारी गेलेले पुरुष स्निग्ध व पिष्टमय पदार्थ अधिक खात होते. तरीही त्यांच्या शरीरातील चरबी इतरांपेक्षा कमी होती. चरबीच्या साठ्याची वर्दी मेंदूला देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे प्रमाणही कमी आढळले. थोडक्यात, खाल्लेले अंगी लागत नव्हते. हा कृशपणा आरोग्याचा नसून चयापचय बिघडल्याचे लक्षण होय.

कोकेनमुळे ॲड्रेनॅलिनवर्गीय द्रव्यांचा प्रभाव वाढतो. त्यामुळे साठविलेली चरबी व साखर रक्तात सोडली जाते; मधुमेही रुग्णास यातून गंभीर अवस्था ओढवू शकते. त्याच वेळी नाडी व रक्तदाब वाढतो, हृदयाच्या धमन्या आकसतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. म्हणूनच लिपिड प्रोफाइलमधील आकडे मर्यादेत असूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हा धोका सुमारे २४ पटींनी वाढतो. ताळेबंदातील एकच रक्कम पाहून संस्थेची स्थिती ठरविता येत नाही, तसेच हे आहे. सोबत मद्य घेतल्यास ट्रायग्लिसराइड वाढण्याची शक्यता असते. शिवाय यकृतात कोकाएथिलिन हे हृदयास घातक द्रव्य तयार होते.

व्यसन सोडल्यावर पुष्कळदा वजन झपाट्याने वाढते. हा काळ नाजूक असतो. वाढत्या वजनाने खिन्न होऊन रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळण्याची भीती असते. घरच्यांनी त्याची थट्टा करू नये, तसेच उपचार फसले असेही मानू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार आखावा, नियमित चालण्याचा व्यायाम ठेवावा आणि रक्तदाब, रक्तशर्करा, लिपिड प्रोफाइल व वजन यांची ठरावीक काळाने तपासणी करावी. या व्यसनावर मान्यताप्राप्त असे विशिष्ट औषध अद्याप नाही. समुपदेशन व कुटुंबाचा आधार हेच उपचारांचे मुख्य अंग आहे.

छातीत दुखू लागल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे व कोकेन घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्यानुसार औषधयोजना बदलावी लागते. कायद्याच्या भीतीने अनेक कुटुंबे गप्प बसतात. तथापि, अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, केवळ सेवनाच्या वा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात, मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्तास खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. मात्र उपचार पूर्ण करणे आवश्यक असते. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवाही आहे.

आमच्या देणगीदारांनी व रुग्णांच्या आप्तांनी ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवावी, अशी नम्र विनंती आहे. व्यसनग्रस्त मनुष्य हा प्रथम रुग्ण आहे. लोकलज्जेपोटी त्याच्या उपचारांस विलंब होऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.