ओळीचा शेवट

तळेगाव दाभाडे

चि. भाचीस,


लोकलच्या स्थानकांची तुझी शेल स्क्रिप्ट पाहिली. एक कमांड तळेगाव, वडगाव, कान्हे देते. दुसरी कामशेत, मळवली, लोणावळा. दोन्हींचं आउटपुट $(…) मध्ये धरून तू एकापुढे एक लावलंस आणि मधोमध ‘कान्हेकामशेत’ हे नवंच स्थानक उभं राहिलं. स्थानकं 6, डोळ्यांना ओळी दिसतात 5 आणि ‘डब्ल्यूसी -एल’ सांगते 4, कारण ती न्यूलाइन मोजते.

कर्जतहून घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, ती लोणावळ्याला सुटतात. डबे तसेच पुढे जातात. $(…) असंच वागतं. शेवटच्या न्यूलाइन, एक असो की दहा, सगळ्या सोडवतं; मधल्यांना हात लावत नाही. पॉसिक्स या मानकात हे लिहूनच ठेवलंय. त्यामुळे ओळ पुन्हा बंद करणं तुझ्याकडे येतं. प्रिंटएफला ‘%एस\एन’ हा साचा दे आणि दोन्ही व्हेरिएबल दुहेरी अवतरणांत, वेगवेगळी दे. साचा प्रत्येकासाठी पुन्हा वापरला जातो. एखादी कमांड रिकामी परतली तर मात्र कोरी ओळ उमटेल, ते आधी तपास.

अवतरणं गाळून एको केलंस, तर मधल्या न्यूलाइनही जातात आणि सगळी नावं एका रांगेत येतात. फॉर लूपमध्ये तर आमच्या ‘तळेगाव दाभाडे’ची दोन गावं होतील!

खरं तर इथे व्हेरिएबल हवंच कशाला? दोन्ही कमांड महिरपी कंसात एकामागोमाग लिही आणि सगळं आउटपुट एकाच फाइलीत वळव. मग न्यूलाइन जशीच्या तशी उतरते. मी असंच करतो.

एवढं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. बॅकअपच्या दोन याद्या मी एकदा अशाच जोडल्या होत्या. दोन फोल्डरांची नावं चिकटली, तसं फोल्डर नव्हतंच, आणि लॉगमधला त्रुटीचा संदेश मी वाचला नाही. पुढे डिस्क गेली. आजीचे तरुणपणचे फोटो त्या दोन फोल्डरांपैकी एकात होते.

बदल केलास की ‘ओडी -सी’ लावून प्रत्येक ओळीचं टोक पाहा. यादी विंडोजवरून आली असेल तर तिथे ‘\आर’ही दिसेल, ते $(…) काढत नाही, तुलाच काढावं लागेल. मग ओळी मोज. 6 आल्या की लगेच कळव.

तुझा मामा