उन्हाळी सुट्टीत गरजू मुलांना कलमे बांधण्यास शिकवा



राज्यात 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि आंबा-काजूच्या कलमांची मागणी वाढली. कोकणात अनेक खाजगी रोपवाटिका उभ्या राहिल्या. परंतु पावसाळा तोंडावर आला, की कलमे बांधणारा जाणता माणूस मिळत नाही. याच सुमारास वीटभट्टी व कोळसाभट्टीवर गेलेली कातकरी आणि इतर भूमिहीन कुटुंबे गावी परततात. त्यांची दहावीची परीक्षा दिलेली मुले रिकामी असतात. पैशाअभावी शिक्षण सुटण्याची वेळही हीच. मे-जूनमधील दीड महिना अशा मुला-मुलींना मजुरी देऊन शिकविल्यास त्यांच्या हाती कसब येईल व आपल्या रोपवाटिकेला कारागीर मिळेल.

कोणाला घ्यावे?

14 वर्षे पूर्ण झालेल्यांनाच घ्यावे. वयाची खात्री शाळेच्या दाखल्यावरून करावी. बालकामगारविषयक 1986 च्या कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली असून त्याखालील वयाच्या परक्या मुलास कामावर ठेवणे गुन्हा आहे. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याचे काम देता येत नाही. पालकांची संमती घ्यावी.

कामाची वेळ

सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. त्यानंतर किमान एक तास विश्रांती द्यावी. विश्रांती धरून एकूण वेळ सहा तासांपुढे जाऊ नये. सायंकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नको. सकाळी 8 ते 11 व दुपारी 12 ते 2 ही वेळ सोयीची पडते. काम मांडवाच्या सावलीत ठेवावे व आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी.

शिकविण्याचा क्रम

1. मेच्या मध्यास माती व कुजलेले शेणखत मिसळून पिशव्या भरण्यास शिकवावे. ताज्या कोयी लगेच लावाव्यात. कोय जुनी झाली की तिची उगवण कमी होते.

2. कोयी उगवेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत चाकूचा सराव करून घ्यावा. छाटलेल्या कोवळ्या फांद्यांवर पाचरीसारखा तिरपा काप एकाच हाताने ओढून घेता आला पाहिजे. काप खडबडीत आला तर सांधा जुळत नाही.

3. मातृवृक्ष ओळखण्यास शिकवावे. तीन-चार महिने वयाच्या काडीची पाने, देठ ठेवून, आठ-दहा दिवस आधी कापावीत. शेंड्याचा डोळा फुगला की 10 ते 15 सें.मी. लांबीची काडी घ्यावी.

4. रोपे 10 ते 15 दिवसांची, तांबूस खोडाची असताना कोय कलम करावे. रोपाचा शेंडा कोयीपासून 6 ते 8 सें.मी. उंचीवर छाटून मध्ये 3 ते 4 सें.मी. खोल खाच घ्यावी. तेवढीच पाचर काडीला करून ती खाचेत बसवावी व पॉलिथीनच्या पट्टीने घट्ट बांधावी.

5. प्रत्येकाच्या कलमांची ओळ वेगळी ठेवून नावाची पाटी लावावी. तीन आठवड्यांनी किती फुटली हे त्यानेच मोजून वहीत लिहावे. मेलेले कलम सोडून सांधा दाखवावा. चूक कोठे झाली हे त्यातून लवकर कळते.

सुरक्षितता

नवशिक्याचे बोट कापते. म्हणून अंगठ्याला कापडी पट्टी गुंडाळावी आणि मलमपट्टीचे सामान जवळ ठेवावे. औषधे कालविणे व फवारणे ही कामे मुलांना मुळीच देऊ नयेत.

मजुरी

शिकतो आहे म्हणून फुकट राबवू नये. शासनाने ठरविलेल्या दराने रोजाने मजुरी द्यावी. सुरुवातीस नगावर मजुरी दिल्यास मुले घाई करतात व कलमे वाया जातात.

जी मुले शाळेत आहेत, त्यांना शाळा उघडताच वर्गात पाठवावे. राहिलेली कलमे बांधण्यास रविवारी बोलवावे. दहावी झालेल्यांची मजुरी प्रवेशाच्या आधी हाती द्यावी, म्हणजे ती फी-पुस्तकांना उपयोगी पडेल. आपल्याकडे जाणता कारागीर नसल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी एप्रिलमध्येच संपर्क साधावा. कलम बांधता येणारा हात पुढच्या हंगामातही गावातच काम मिळवू शकतो. भट्टीवर जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही, असे मग त्या मुलास म्हणावे लागणार नाही.